एकट्याचा कोयता

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या सेलूच्या हवेला कापूस फुटतो. कापसातली सरकी काढणारे जिनिंगचे कारखाने सुरू होतात, दोन्ही अंगांनी फुगलेल्या कापसाच्या गाड्या रस्त्यानं डुलत जातात आणि त्यांच्या मागं पांढरी तुसं तरंगत राहतात. ती चहात पडतात, भुवयांवर बसतात, विजेच्या तारांना लोंबतात. रस्त्याकडेच्या बाभळींना तर इतका कापूस अडकतो, की परक्या माणसाला वाटावं हा इथल्या बाभळीचा मोहर आहे. माझ्या डोक्यावर पडलेली तुसं बायको पूर्वी फुंकर मारून उडवायची. आता त्यातलं जिनिंगचं कोणतं आणि माझं स्वतःचं कोणतं हे तिला ओळखू येत नाही, म्हणून तिनं तो नाद सोडला आहे.

हीच तुसं माझ्या क्लासच्या खिडकीतून आत येतात आणि कॉम्प्युटरच्या पंख्यात जाऊन बसतात. स्टेशन रोडला, भांड्यांच्या एका दुकानाच्या वर, आठ कॉम्प्युटर, एक फळा आणि एक मी, एवढाच आमचा पसारा. दर वर्षी या दिवसांत आम्ही एकेका मशीनचं झाकण उघडतो आणि आतून चांगला उंदराएवढा कापसाचा गोळा बाहेर काढतो. सात मशीन विद्यार्थी साफ करतात. चार नंबरच्या मशीनला मात्र मी कुणाला हात लावू देत नाही. त्याचं झाकण मीच काढतो, पंख्याचं एकेक पातं ब्रशनं पुसतो, आणि दिवसभर चाललेली माझी बडबड तेवढ्यापुरती बंद होते.

त्या मशीनवर जना बसायची.

जनाबाई हे तिचं दाखल्यावरचं नाव. आजोळ संत जनाबाईंच्या गंगाखेडकडचं, त्यामुळे ते नाव घरात असणारच. एकोणीस वर्षांची, बारावी झालेली, वालूरच्या पलीकडच्या एका वस्तीवरून रोज एसटीनं येणारी. आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जात, ही चुलत्याकडं राहून शिकली. पहिल्या दिवशी तिनं माउस दोन्ही हातांनी धरला होता, कोंबडीचं पिल्लू धरावं तसा. शेजारच्या मशीनवर मुजीब बसायचा, टेलरकाकांचा मुलगा, जीभ कात्रीसारखी. तो म्हणाला, "जनाबाई, दाबू नका, मरंल ते."

"तू तुझी सुई सांभाळ," जना म्हणाली. तिनं मान वर केली नाही आणि माउसही सोडला नाही.

महिन्याभरात वर्गात सगळ्यांच्या आधी तिचा प्रोग्राम चालायला लागला. मुजीब तिच्या पडद्यात डोकावून चुका दुरुस्त करून घ्यायचा आणि वर तिलाच म्हणायचा, "मी फक्त तपासायलो होतो."

त्या हंगामात मी जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकवत होतो. जावा शिकवायची म्हणजे पहिले आठ दिवस क्लास आणि ऑब्जेक्ट या दोन शब्दांशी कुस्ती. क्लास म्हणजे कोरा फॉर्म, आणि तो भरला की जे तयार होतं ते ऑब्जेक्ट. एकाच कोऱ्या फॉर्मवरून हजार माणसं उभी करता येतात, प्रत्येकाचं नाव वेगळं, वय वेगळं, पण रकाने तेच. इतकी साधी गोष्ट. पण पुस्तकात उदाहरण असतं मोटारगाडीचं. आमच्या वर्गात मोटारगाडी कुणाच्या दारात होती? मी ते पुस्तक सगळ्यांसमोर खिडकीतून बाहेर फेकलं. खाली ते एका घागरीवर पडलं, मोठा आवाज झाला, दुकानदार जिन्यानं वर आला आणि पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "गुरुजी, शिकवायलाव का भांडायलाव?" वर्ग इतका हसला, की त्या दिवशी ऑब्जेक्ट सगळ्यांना समजलं असं मी धरून चाललो.

मी नाटकी माणूस आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. मला साधं वाक्य साध्या आवाजात बोलता येत नाही. ऑब्जेक्टच्या आतली माहिती प्रायव्हेट असते, तिला बाहेरच्यानं हात लावायचा नसतो, हे सांगायला मी सगळ्यांना एकेक चिठ्ठी दिली. प्रत्येकानं आपल्याबद्दलची एक खरी गोष्ट लिहायची आणि खिशात ठेवायची. "खिसा नसला तर?" असं मुलींनी विचारलं. जनानं चिठ्ठीची बारीक घडी केली आणि कंपासपेटीत टाकली. मग मी खडू तलवारीसारखा उगारून जाहीर केलं, "आजपासून तुम्ही सगळे ऑब्जेक्ट. कुणीही कुणाच्या खिशात हात घालायचा नाही. हवं असेल तर विचारायचं. समोरचा त्याला वाटेल ते उत्तर देईल, आणि तेच घ्यायचं."

मुजीबला विचारलं, चिठ्ठीत काय आहे? तो म्हणाला, "सब ठीक है." सगळ्यांना ठाऊक होतं, की तो इंग्रजीत दोनदा नापास झाला होता आणि चिठ्ठीत तेच असणार. जनाला विचारलं. ती म्हणाली, "बरी हाय."

"हे बघा, हे बघा!" मी ओरडलो. "आत काय आहे कुणाला कळलं का? याला म्हणतात प्रायव्हेट!" आणि मी स्वतःलाच टाळी दिली.

आज ती टाळी मला ऐकू येते तेव्हा हात कुठं लपवावेत कळत नाही.

त्या वर्षी ज्वारी चांगली वर आली होती. क्लासच्या मागच्या खिडकीतून रेल्वेच्या रुळांपलीकडचं एक रान दिसायचं, हिरवं, एकसारखं हलणारं. दुपारी लाइट जायची आणि आठही मशीनच्या बॅटऱ्या एकदम किंचाळायला लागायच्या. जिनिंगवरून सरकीचा तेलकट, गोडसर वास यायचा. मुलं डबे उघडायची. कुणाचा ठेचा, कुणाची शेंगदाण्याची चटणी, मुजीबच्या घरची खिचडी. जनाच्या डब्यात भाकरी असायची आणि ती तिचे सारखे चार भाग करून एक भाग नेहमी परत न्यायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "बसमधून उतरून लय चालायचं आसतंय सर, तवा लागतंय."

एके दिवशी मी गृहपाठ दिला. उद्या प्रत्येकानं आपल्या घरातलं काहीतरी घेऊन त्याचा क्लास लिहून आणायचा. मुजीबनं शिलाई मशीन आणलं. एकीनं म्हैस आणली, आणि तिच्यात असा नियम टाकला होता, की अनोळखी माणसानं धार काढायला हात लावला तर पडद्यावर लाथ उमटायची. त्या लाथेला मी वर्गाकडून उभं राहून टाळ्या मिळवून दिल्या. आणि जनानं कोयता आणला.

मला वाटलं, हत्यार असेल. पातं, मूठ, धार. पण तिच्या क्लासमध्ये पात्याचा उल्लेखच नव्हता. त्यात दोन नावं होती. तोडणारा आणि बांधणारी.

ज्यांना ऊसतोड ठाऊक नाही त्यांना हे सांगायला हवं. टोळी गोळा करणारा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकानं ऊस तोडायचा, दुसरीनं मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन शिडीनं ट्रकवर चढायचं. बापलेक असोत, भाऊबहीण असोत, दोन माणसं झाली की कोयता झाला. एकटा माणूस अर्धा कोयता, आणि अर्ध्याला टोळीत कुणी उभं करत नाही. जनानं ते जसंच्या तसं लिहिलं होतं. नवा ऑब्जेक्ट जिथं जन्माला येतो त्या भागाला कन्स्ट्रक्टर म्हणतात. तिच्या कन्स्ट्रक्टरला दोन नावं दिली तरच कोयता तयार व्हायचा. एक नाव रिकामं सोडलं तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांत तिनं स्वतः लिहिलेली ओळ यायची. कोयता पूर्ण न्हाई.

मी आनंदानं वेडा झालो. पंधरा वर्षं शिकवत होतो, पण कुणी इतकं खरं उदाहरण आणलं नव्हतं. मी तो प्रोग्राम फळ्यावर उतरवला, सगळ्यांना वहीत घ्यायला लावला, दारातून जाणाऱ्या चहावाल्याला आत बोलावून दाखवला. जना खुर्चीत ताठ बसली होती, गाल लाल, दोन्ही हात मांडीवर. मुजीब म्हणाला, "सर, आमच्या मशीनलाबी एवढं नाचा की." मी म्हणालो, "तुझ्या मशीनला सुईच नाही, धागा कुठून येणार?" आणि खरंच, तो सुई लिहायला विसरला होता.

दुसऱ्या दिवशी, तास संपायला पाच मिनिटं असताना, जनानं हात वर केला.

"सर, एकच नाव देलं तर कोयता व्हतच न्हाई का? एकट्याचा?"

आता इथं माझी एक सवय सांगतो. तास संपवताना मी कधीच सगळं सांगून टाकत नाही. सगळ्यात गोड घास हातात धरतो, पोरांच्या तोंडापाशी नेतो आणि मागं घेतो. खडू खिशात टाकतो, उजवा हात वर करतो आणि म्हणतो, "ते उद्या!" वर्ग एका सुरात ओरडतो, "सऽऽऽर!" हे ओरडणं मला फार आवडायचं. त्यासाठीच मी शिकवत होतो म्हटलं तरी चालेल.

जनाचा प्रश्न म्हणजे नेमका उद्याचा धडा. मला तर तो ताटात वाढून मिळाला होता. मी भुवया उडवल्या, दोन पावलं मागं गेलो. "एकट्याचा कोयता होतो का? होतो! पण कसा होतो?" खडू खिशात, हात वर. "ते उद्या!"

"सऽऽऽर!"

सगळे उठले, दप्तरं आवरली, जिना दणाणला. जना दारात थांबली होती. वालूरची बस सव्वापाचला, एरवी ती सगळ्यांच्या आधी पळायची.

"सर, आजच सांगा ना. थोडंसं."

"थोडंसं सांगितलं तर उद्या कोण येणार गं?" मी हसत म्हणालो.

तीही हसली. बोटाला ओढणीचं टोक गुंडाळत होती. "तसं न्हाई सर. म्हंजे, व्हतो ना पण? एकट्याचा?"

"उद्या, उद्या! एवढी कसली घाई?"

"बरं," ती म्हणाली. मग जिना उतरली. पायऱ्यांवर कापसाची तुसं होती आणि तिच्या चपलेनं ती थोडी उडाली, एवढं मला अजून दिसतं.

दुसऱ्या दिवशी चार नंबरची खुर्ची रिकामी होती. मी धडा घेतला नाही. जना आली की घेऊ म्हणालो आणि वेगळंच काहीतरी शिकवलं. तिसऱ्या दिवशीही तसंच केलं. चौथ्या दिवशी मुजीब म्हणाला, "सर, ती येत न्हाई. वालूरच्या पोरायनं सांगितलं. गाडी गेली त्यायची."

मी स्कूटर काढली. वस्तीवर निम्म्या घरांना कुलपं होती. जनाची आई दारात बसली होती, पाठीमागं गोधडीची गुंडाळी लावून. तिनं उठायचा प्रयत्न केला, मी बसा म्हणालो. मागच्या हंगामात मोळी घेऊन चढताना शिडीवरून तिचा पाय सुटला होता. मणका दुखावला, डॉक्टरांनी ओझं बंद सांगितलं. तरी तिला वाटत होतं, दिवाळीपर्यंत होईल बरं. झालं नाही.

"मुकादमाला आमच्या मालकांनी आखाडातच शब्द देल्ता," ती म्हणाली. "कोयता आला न्हाई तर पुढं कोन घेतंय टोळीत? मी म्हनले, जाते मीच, मरंना का पाठ. तर जना म्हनली, तू न्हाई जायचं, तुझ्या जागी मी. मी म्हनले, तुझा क्लास हाय की. तर काईच बोलली न्हाई. त्या दिवशी तुमच्याकडून आली ती आलीच आन् कपडे भरायला लागली."

आत कोनाड्यात कंपासपेटी दिसत होती. माझी नजर तिकडं गेली तशी आई म्हणाली, "तिचीच हाय. न्यायची का सर?"

मी नको म्हणालो. नियम माझाच होता.

निघताना आईनं हाक मारली. "सर, जाताना म्हनली व्हती, सर काय इकडं यायचे न्हाईत. पन आलेच तर सांग मनावं, उद्या येनं जमलं न्हाई."

सेलूला परत येताना दोन्ही बाजूंना वेचणी चालली होती. बायका पदराची ओटी करून कापूस वेचत होत्या आणि माझ्याकडं मान वर करून बघत होत्या. मी बहुधा मोठ्यानं बोलत होतो.

मी काही इतका भाबडा नाही. मुकादमाची टोळी जावावर चालत नाही हे मला कळतं. मी त्या संध्याकाळी सगळा धडा सांगून टाकला असता तरी ट्रक आला असता आणि भरून गेला असता. पण तिला तिथं दोन मिनिटं बसवलं असतं तर फळ्यावर लिहिता लिहिता मी सहज विचारलं असतं, "तू हे का विचारतेस गं?" एवढंच. खिशात हात घालायचा नसतो, पण विचारायचं असतं, हे तर मीच शिकवलं होतं. ती कदाचित "बरी हाय" म्हणाली असती. कदाचित नसती म्हणाली. चुलत्याशी बोलता आलं असतं, मुकादमाला भेटता आलं असतं, तिच्या वडिलांसमोर मी माझं सगळं नाटक पणाला लावलं असतं. यातलं काही झालं असतं की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही. मला एका आरोळीची हौस होती.

ती त्या हंगामात परतली नाही. टोळीतच कुणाशी तरी सोयरीक जुळली, उन्हाळ्यात लग्न झालं, पत्रिका मला आली नाही. तिचा तो प्रोग्राम चार नंबरच्या मशीनमध्ये आहे. मशीन जुनं झालं, दोनदा बंद पडलं, दुरुस्त करणारा म्हणाला, "सर, भंगारात द्या." मी त्याला चहा पाजून परत पाठवलं. दर वर्षी साफसफाई झाली की मी तो प्रोग्राम एकदा चालवतो. एक नाव टाकतो, दुसरं रिकामं सोडतो. कोयता पूर्ण न्हाई. दुसरा कन्स्ट्रक्टर लिहायला मला तीन ओळी लागतील. मी त्या लिहीत नाही. प्रोग्राम तिचा आहे.

मुजीब आता पुण्याला एका कंपनीत आहे. ईदला येतो तेव्हा वर चढून येतो आणि आपल्या जुन्या खुर्चीवरून चार नंबरकडं बघत बसतो.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी मी बसस्टँडवर उभा होतो. मागून आवाज आला, "सर, वळखलं का?"

जना. कडेवर मूल, पायाशी पिशव्या, हातांवर उसाच्या पाचटानं ओढलेले बारीक पांढरे चरे. माहेरी चार दिवस राहून सोनपेठकडं सासरी निघाली होती. नवरा पाण्याची बाटली भरायला गेला होता. मी आधी तिच्या आईचं विचारलं.

"आई कशी आहे?"

"हाय. बसूनच आसती." मग मुलाला या कडेवरून त्या कडेवर घेत म्हणाली, "सर, ते सांगायचं ऱ्हायलं तुमचं."

"काय?"

"एकट्याचा कोयता कसा व्हतो ते. लय दिवस डोस्क्यात व्हतं माझ्या. उसाच्या फडात बी आठवायचं."

समोर पाथरीमार्गे सोनपेठला जाणारी बस उभी होती, धुळीनं माखलेली. मी बोटानं तिच्या पत्र्यावर लिहायला लागलो. पहिला कन्स्ट्रक्टर, कंसात दोन नावं. "हा तुझा. हा पुसायचा नाही," मी म्हणालो. "फक्त त्याच्या शेजारी दुसरा लिहायचा, त्याच नावाचा. याच्या कंसात एकच नाव. आता कुणी दोन नावं दिली तर कॉम्प्युटर पहिला धरतो, एक दिलं तर दुसरा."

"आन् एकट्याचाबी पुरा धरतो?"

"पुरा."

ती पत्र्याकडं बघत राहिली. ओठ हलत होते, वर्गात कोड वाचताना हलायचे तसेच. मग एकदम हसली.

"एवढंच व्हतं व्हय सर? मला वाटलं लय अवघड आसंल."

मला तिच्याकडं बघवेना. मी धुळीकडं बघत म्हणालो, "तुझा प्रोग्राम ठेवलाय मी. तुझ्याच मशीनवर आहे. तेवढ्या तीन ओळी तू येऊन लिही."

"आजून ठेवलाय?" तिनं मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. नवरा बाटली घेऊन आला, मला नमस्कार करून पिशव्या उचलून आत चढला. कंडक्टर हाका मारायला लागला. जना पायरीवर चढली.

"मग कधी येतेस?" मी खालून विचारलं.

ती वळली. डोळ्यांत जुना मिस्किलपणा होता, माझ्याकडूनच उचललेला. मूल डाव्या हातावर घेऊन तिनं उजवा हात थेट वर केला, वर्गात मी करायचो तसा.

"ते उद्या!" जना म्हणाली.

दार लागलं, घंटी दोनदा वाजली, आणि ते दोन कन्स्ट्रक्टर पत्र्यावर घेऊन बस पाथरीच्या रस्त्याला लागली. ओरडायला माझ्या शेजारी कुणीच नव्हतं.